पाच हात शाबूत

अंधेरीतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात कुंडलिक तीस वर्षं परिचर होता. काम बाटल्या धुण्याचं, पण तोरा असा, की विभाग त्याच्याच बापजाद्यांचा. तोऱ्याला कारणही होतं. काचेच्या कपाटात त्याने जमवलेले भंगुरतारे होते, अकरा जातींचे. भंगुरतारा म्हणजे तारामाशाचा भाऊबंद. मधे रुपयाएवढी चकती, भोवती पाच लांब, वळवळणारे हात. धरायला गेलं की हात तोडून देतो आणि पळतो.

कुंडलिक मूळचा जालन्याकडचा, विसाव्या वर्षापर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता. तरी ओहोटीला वर्सोव्याच्या खडकांत कोण कुठे दडलंय ते त्यालाच ठाऊक. काटेरी हातांचा स्पंजात घर करतो, पट्टेरी दगडाखाली बसतो, तिसरा रेतीत स्वतःला पुरून नुसती हातांची टोकं वर ठेवतो. असा तारा थेट स्पिरिटमध्ये टाकला तर त्याचे तुकडे होतात. कुंडलिक आधी त्याच्या पाण्यात जुलाबाचं मीठ चिमटी चिमटीने सोडायचा आणि गुंगी चढली की मग बाटलीत घालायचा. म्हणून अकराही बाटल्यांत पाच हात शाबूत. ही युक्ती त्याने कोणाला सांगितली नव्हती.

मग नवी परिचर म्हणून दिंडोशीची श्रुतिका आली. आजोळ मालवणचं, समुद्र जणू परसातला. पहिल्याच ओहोटीला तिने एक तारा धरला आणि त्याचे दोन हात तुटले. कुंडलिकला बरं वाटलं. पण पोरीने तो बाटलीत घातलाच नाही, छोट्या टाकीत जिवंत ठेवला. दोन महिन्यांत तुटल्या जागी कोवळे हात फुटले आणि सगळी मुलं टाकीभोवती जमू लागली, कपाटाकडे पाठ करून.

"काका, या ना, बघा किती झकास वाढलाय," श्रुतिका म्हणाली.

"तीस वर्षं तेच बघतोय," कुंडलिक म्हणाला आणि बाटल्या पुसत राहिला.

विभागप्रमुख अनुपमा मॅडमनी कळस केला. "कुंडलिक, हा दिवाळीची सुट्टी तगला तर मोठी टाकी आणू. तुमचं कपाट माळ्यावर हलवू या." वर सुट्टीत टाकी सांभाळायची तीही त्यानेच, कारण श्रुतिका मालवणला निघाली होती. कुंडलिकच्या अंगाचा तिळपापड झाला.

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाचं बटण बंद केलं. प्राणी आहे, मरतो, कोण विचारणार होतं? तो स्टुलावर बसून राहिला. दुपारी तारा कौलाच्या तुकड्याखालून बाहेर आला आणि चकती उचलून हातांच्या टोकांवर उभा राहिला. बादलीतलं पाणी शिळं झालं की तारे असेच उभे राहतात, हे कुंडलिकने शेकडो वेळा पाहिलं होतं. तेव्हा तो मीठ आणायला उठायचा. आज नुसतं बघायचं होतं. याचे दोन हात अजून आखूड, ते तळाला पुरेनात. तारा कलंडला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा कलंडला.

कुंडलिकने बटण दाबलं, आणि स्वतःवरच चिडून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून चिमूटभर ताजा जवळा आणला. चार दिवस तारा कौलाखालून हलला नाही. पाचव्या दिवशी एक हात बाहेर आला आणि चिमट्यातला जवळा ओढून घेऊन गेला. त्या दिवशी कुंडलिक घाटकोपरच्या घरी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

सुट्टी संपली. श्रुतिकाने चिमट्यात जवळा धरला आणि हात झर्रकन बाहेर आला.

"बघा काका, विसरला नाही मला."

कुंडलिकला हे इतकं लागलं, जितकं कपाटाचं बोलणंही लागलं नव्हतं. इतके दिवस याला भरवलं कोणी?

"त्याला डोकंच नसतं," तो म्हणाला. "कोणीही धरलं तरी खातो."

मॅडमनी भीत भीत कपाटाचा विषय काढला. "हलवा," कुंडलिक म्हणाला. "पण मोठी टाकी माझ्या टेबलाशेजारी ठेवायची. आणि जवळा मी घालणार."

दुसऱ्या दिवशी तो तासभर आधी आला. श्रुतिका यायच्या आत ताऱ्याचं पोट भरायला हवं होतं.