गाड्या माझ्या होत्या

येत्या रविवारी आमच्या ह्यांचा अमृतमहोत्सव. सोलापुरात हॉल ठरलाय. तिथे पडद्यावर जुने फोटो दाखवायचे म्हणून मुलगा परवा लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसला. बराच वेळ मी कौतुकाने बघत होते. मग दोन मोटारसायकलींचे फोटो आले आणि खाली अक्षरं उमटली: 'बाबांच्या गाड्या'.

माझं डोकंच सणकलं.

त्या दोन्ही गाड्या माझ्या. करमाळ्याच्या बाजूला मी नर्स होते, वाड्यावस्त्यांवर लस पोचवायची. एसटी आली तर आली. म्हणून माझ्या पगारातून आधी लाल टाकीची जुनी फटफटी घेतली, ती थकल्यावर काळी. पदर कमरेला खोचायचा, लसीचा डबा मागे बांधायचा आणि मारायची किक. बाई फटफटीवर बघून पारावरची माणसं हसायची. हसा म्हटलं, तुमच्याच पोरांना टोचायला चाललेय. ह्यांना मात्र गाडी कधी जमली नाही. एकदा शिकायला बसले आणि थेट कडब्याच्या गंजीत शिरले. त्यानंतर हँडलला हात लावला नाही.

आणि फोटोत? दोन्ही फोटोंत हे गॉगल लावून ऐटीत गाडीवर, आणि मी बाजूला ताट घेऊन उभी. गाडी दारात आली की ओवाळायचं घरच्या सवाष्णीनं. सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं, मग बसणार कोण? आयत्या बिळावर नागोबा. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. आता नाही येत.

"खोड ते," मी म्हटलं. "आईच्या गाड्या, असं लिही."

"आई, कार्यक्रम बाबांचा आहे," मुलगा म्हणाला. "आणि मला आठवतं ना. मी टाकीवर बसायचो, बाबा कुर्डुवाडीला रेल्वे दाखवायला न्यायचे. मागून मोठ्यांदा सांगायचे, ते बघ इंजिन, ते बघ डबे."

"मागनंच सांगणार की. मागं बसायचे ते! तुझं तोंड पुढं, तुला काय दिसणार? तुझ्या दोन्ही बाजूंनी हँडलवर हात यायचे, ते आठव. त्या हातांत काय हुतं?"

 त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं.

"बांगड्या," हळूच म्हणाला. "हिरव्या."

मग आम्ही दोघांनी ह्यांच्या खुर्चीकडे बघितलं. हे पेपर धरून बसले होते, पण पान मघापासून उलटलं नव्हतं. खरं सांगते, मला धास्ती वाटली. सगळा संसार झाला, पोरं मोठी झाली, आणि आता चारचौघांतल्या मानासाठी हा माणूस गप्प बसला असता, तर त्या हॉलमध्ये मी पाऊल टाकणार नव्हते. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे.

"अहो, सांगा की त्याला."

"व्हय, गाड्या हिच्याच," पेपर खाली न घेता ते म्हणाले. मग पान उलटून, "मी आपला मागं बसून रस्ता दावायचो."

"रस्ताबी मलाच ठावा हुता," मी म्हटलं. "तू लिही रं."