एका अक्षराचं पाणी

माझं कन्नड किती पक्कं, हे विचारायचं तर मलाच विचारा. आमच्या कुंभारवाड्याकडं विचारलंत तर लोक पाण्याचा तांब्या पुढं करून हसतात. का हसतात? ऐका तर.

त्या साली पटकीची साथ होती आणि उळवीची जत्रा पंधरा दिवसांवर आलेली. धारवाडकडचा एक डाक्टर घोड्यावरून आमच्या वाडीत आला. विहिरीपाशी उभा राहून कन्नडात बोलू लागला. गावात माझ्याशिवाय कन्नड कुणाला येत नाही, असं मीच उठवलेलं. मी पुढं झालो.

"काय म्हणतोय रं?" पाटलानं विचारलं.

"नीरु कुडिसि. म्हंजे पाणी पाजा. आठ दिसांनी बघाय येणार. जे गाव ऐकणार न्हाई त्याला जत्रा बंद."

"पटकीवर ह्यो उपाय?"

"सरकारी उपाय असाच असतोय."

जत्रेसाठी आमचं गाव काय वाटेल ते करील हो! वाटसरू दिसला की धरला, पाजला. एक गाडीवान तर पोट धरून म्हणाला, "मामा, आता बैलास्नी पाजा, मला सोडा."

आठव्या दिवशी डाक्टर आला. दारोदार पाण्याचाच सवाल. मी छाती काढून सांगे, "हौदु, हौदु!" व्हय, व्हय. साहेब इतका खूश की प्रत्येक घरचं पाणी प्याला. सात घरं, सात तांबे.

आठवं घर गंगव्वा आज्जीचं. तिनं त्याच्या डोळ्यांदेखत विहिरीतनं घागर ओढली, तांब्या भरला आणि पुढं केला. साहेब पांढराफटक! काहीतरी ओरडला. त्याचं बोलणं आज्जीच्या कानावर आजच पडत होतं. ती कपाळाला हात लावून खालीच बसली.

"मुडद्या, ह्यो कुदिसि म्हणतोय. कुदिसि म्हंजे उकळा! कुडिसि म्हंजे पाजा."

"आज्जे, तुला कन्नड येतंय?"

"माझं म्हायेर हळ्याळचं. मला इचारलं कुणी?"

साहेबाचे दोन दिवस पाटलाच्या परसातच गेले. तिसऱ्या दिवशी आज्जीनं त्याच्याशी बोलून जत्रा सोडवून आणली. काय बोलली, मला नीट कळलं नाही. अट तेवढी कळली: गाव जत्रेला जाईल, मी विहिरीपाशी हंड्याखाली जाळ घालीन.

गेलं की सगळं गाव! मी धुरात.

परतल्यावर आज्जी हंड्यापाशी टेकली. घाम पुसून म्हणाली,

"झालं कुदिसून? मग आता कुडिसि."