दहावा माणूस आणि रबायबाईंचे मासे

आमच्या रबाय, म्हणजे आम्हा ज्यूंच्या धर्मगुरू, डेव्होरा लिपकिन गळ टाकून बसल्या की सरोवरातले चांगले मासे पलीकडच्या गावाला जातात, असं माझं म्हणणं आहे. अकरा वर्षं झाली त्यांना आमच्या सिनेगॉगमध्ये येऊन. हिवाळाभर दर सोमवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ही बाई गोठलेल्या सरोवरावर जाते, बर्फाला भोक पाडते आणि स्टुलावर बसून राहते. गळाला लागतो काय, तर तो मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. खवले नाहीत म्हणजे आम्हाला वर्ज्य. बाई त्याचीच माफी मागून त्याला परत पाण्यात सोडतात.

"मिस्टर पर्लमटर, आज तीन मिळाले," सांगतात वर मला.

"तीन की एकच तीनदा?" मी विचारतो.

दुसरा छंद काकड्या खारवण्याचा. सिनेगॉगच्या तळघरात त्यांच्या बरण्या आहेत. एक उघडली की वरच्या मजल्यावरची माणसं खाली धावत येतात, काय मेलं बघायला. तिसरा हॉकीचा. टीव्हीपुढे बसून पंचाला असे शिव्याशाप देतात की बायबलमधल्या संदेष्ट्यांनीही वही काढून लिहून घ्यावेत.

बाई हुशार, प्रवचन छोटं, आजाऱ्याच्या घरी सगळ्यांच्या आधी हजर. हे मी मान्य करतो. फक्त एक गोष्ट मी करत नव्हतो. प्रार्थनेला दहा माणसं लागतात, त्यात मी त्यांना धरत नव्हतो. माझ्या बापाने बाईमाणसाला धरलं नाही, त्याच्या बापाने धरलं नाही. इथले बाकी सगळे धरतात. पण मी कद्दिशला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थनेला, उभा राहणार असलो की दहा पुरुष जमेपर्यंत माझ्यासाठी थांबतात. म्हातारा हट्टी आहे, कुठे वाद घाला, म्हणून.

माझी गिटल म्हणायची, "सॉल, धर की रे त्या पोरीला. बोट झिजणार आहे का तुझं?" गिटल जाऊन आठ वर्षं झाली. तिच्या तिथीला मी कद्दिश म्हणतो, वर्षातून एकदा, तिच्यासाठी. दहाजण नसले तर ते म्हणताच येत नाही. आणि गंमत बघा, दर वर्षी नऊच जमायचे आणि ऐन वेळी दहावा उगवायचा. कधी प्लंबर फिशल, कधी तो तीस वर्षांत सिनेगॉगचं तोंड न पाहिलेला लेव्हेन्थल. अंगाला माशाचा वास, डोक्यावर उसनी टोपी. मी मनात म्हणायचो, गिटलची पुण्याई.

यंदा तिथीला सकाळपासून हिमवादळ होतं. दुपारच्या प्रार्थनेला, सूर्य मावळायला अर्धा तास उरला असताना, आम्ही नऊ पुरुष बसलो होतो. सूर्य मावळला की आमची तिथी संपते. पुढचा रस्ता बंद. बाईंचा पत्ता नव्हता.

"कुठे गेल्या या? आजही गळ टाकून बसल्यात का?" मी कुरकुरलो.

शेजारी दातांचे निवृत्त डॉक्टर मॉर्ट बसले होते. ते म्हणाले, "सॉल, दर वर्षी तुझा दहावा काय आभाळातून पडतो? बर्फावर मासे धरणाऱ्यांच्या झोपड्याझोपड्यांतून फिरून एकेका ज्यूला उठवून आणते ती. आजही तेच करायला गेलीय. तुला सांगायचं नाही, अशी आम्हाला तंबी आहे."

आठ वर्षं मी बाईंची पुण्याई गिटलच्या खात्यावर टाकत होतो.

तेवढ्यात दार उघडलं. बाई गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, भुवयांवर बर्फ, मागे कोणी नाही.

"मिस्टर पर्लमटर, सरोवरावर चिटपाखरू नाही," त्या म्हणाल्या. "मला माफ करा."

"आधी मोजा तरी," मी म्हटलं.

आमच्यात माणसं सरळ मोजत नाहीत, नजर लागते. म्हणून बाईंनी नेहमीसारखं सुरू केलं. "एक नव्हे, दोन नव्हे, तीन नव्हे..." माझ्यापाशी येऊन "नऊ नव्हे" म्हणाल्या आणि थांबल्या. खिडकीतला उजेड मावळत चालला होता. त्यांनी स्वतःकडे बोट केलं नाही. माझ्या देखत त्यांनी ते कधीच केलं नव्हतं.

मला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ सांगतो. मी बोट उचललं आणि त्यांच्याकडे केलं.

"दहा नव्हे," मी म्हटलं.

बाईंनी हातमोजा काढून डोळे पुसले. "तुम्हाला खात्री आहे ना?"

"रबायबाई, सूर्य काही तुमचा मासा नाही, सोडला तरी पुन्हा मिळायला. चला."

मी गिटलसाठी उभा राहिलो. नऊजणांनी आमेन म्हटलं, बाईंचं सगळ्यांत मोठं. दर वर्षीसारखाच दहाव्याच्या अंगाला माशाचा वास येत होता.