साफ्याची फीत

ग्वाल्हेरच्या आमच्या कॉलेजचे खेळाचे मास्तर हाफपँटवरही दरबारी साफा बांधत. त्याला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे. संस्थान विलीन झालं आणि खेळांचं अनुदान नव्या सरकारच्या फायलीत अडकलं. शर्यतीच्या दिवशी अंतिम रेषेवर धरायला साधी फीतही नव्हती. मास्तरांनी डोक्यावरचा साफा उलगडला आणि दोन प्राध्यापकांच्या हातात आडवा दिला.

आम्ही जीव खाऊन धावलो. रेषेपाशी आलो आणि सगळेच्या सगळे मान लववून साफ्याखालून गेलो.

“अरे, झुकता काय? छाती लावा,” मास्तर गरजले. “चलो, फिरसे.”

दुसऱ्यांदा मी साफा छातीवर घेऊनच पुढे गेलो. घामाने भिजलेला तो साफा मास्तरांनी माझ्याकडून ओढून घेतला आणि हसत हसत तसाच डोक्याला बांधला.