पोरगी लातूरला की अबॅकसला

माझी मुलगी दुसरीत गेली आणि लातूरहून नणंदेचा फोन आला, "पोरीला इकडं पाठवून द्या." जशी काही ती पोरगी नव्हे, वाळवायला द्यायची कुरडयांची पाटी.

नणंदेचं घर लातूरच्या ट्यूशन एरियात आहे. दारातून बाहेर पडलं की क्लास, क्लासवर क्लास आणि दोन क्लासच्या मधे मेस. तिथं राहणाऱ्या माणसाला देशात दुसरीकडे कुठे मुलं शिकतात हे खरंच वाटत नाही. तिचा मुलगा लहानपणी अबॅकसमध्ये चमकला होता. त्याच्या ट्रॉफ्या हॉलभर अशा मांडल्यात की पाहुण्याला पाण्याचा पेला ठेवायला जागा सापडत नाही. तो यंदाच पुण्याला हॉस्टेलात गेला.

"अकरावी-बारावीला काय, सगळेच येतेत लातूरला," ती म्हणाली. "पण पाया आत्ताच पक्का होतो. माझ्यापाशी ऱ्हाईल, अबॅकस शिकंल. तुम्ही नांदेडात बसून काय करायलात?"

आम्ही नांदेडात बसून संसार करत होतो, पण हे तिला सांगणार कोण? नवरा म्हणाला, "बघू." तो बघू म्हणाला की समजायचं, समोरच्याचं काम झालं. सासूबाई आमच्याकडेच राहतात, पण मत त्यांचं लेकीकडे राहतं. "आत्याच हाय ना, परकी हाय का?" एवढं बोलून त्या शेंगा सोलायला लागल्या. सात वर्षांची पोर, अजून झोपेत माझी ओढणी धरणारी, आणि हे लोक तिला चारचौघांत वाटून घ्यायला निघाले होते. माझं डोकंच फिरलं.

"अबॅकस नांदेडातबी हाय," मी फोनवर ठणकावलं. "दिवाळीनंतर आपण सगळे माहूरला जाणारच आहोत. तिथं तुमच्यासमोर हिशोब करून दाखवील. नाही जमलं तर खुशाल घेऊन जा."

फोन ठेवला आणि माझीच पंचाईत झाली. कारण अबॅकस हा खाण्याचा पदार्थ आहे की अंगाला लावायचा, हे मला माहीत नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दुकानावरती एक क्लास होता. डेमोला गेलो. मुलं पुढे सतरंजीवर, पालक मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सर उन्हाळ्यातही टाय घालून आले होते. ते म्हणाले, "आपण मुलांचा उजवा मेंदू चालू करतो." मागे बसलेल्या आया आपापल्या मुलांच्या डोक्याकडे बघायला लागल्या, कुठल्या बाजूला बटण आहे म्हणून.

मग सरांनी भराभर आकडे सांगितले आणि आधीच्या बॅचच्या मुलांनी डोळे मिटून, हवेत बोटं हलवत उत्तरं दिली. मी थक्क झाले. शेजारी आमच्या चौकातल्या बांगड्यांच्या दुकानवाल्या आपा बसल्या होत्या. त्यांची नात त्या क्लासला जुनी. त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "वैनी, एकच सांगती. घरी पोरगी हवेत हात हलवायली तर घाबरू नका. आमची तर जेवताना हलवती. तिच्या आजोबानं चार दिवस दवा शोधली."

मुलीनं अबॅकसची मण्यांची पाटी हातात घेतली, मणी वर-खाली केले आणि विचारलं, "सर, याची माळ करता येती का?" सरांचा उजवा मेंदू दोन क्षण बंद पडला. तरी मी नाव घातलं.

पुढचे महिने घरात मण्यांची खडखड सुरू झाली. पाच पूर्ण करायला जे दोन आकडे लागतात, त्यांना तिथं 'छोटे मित्र' म्हणतात. मुलीला गणितापेक्षा या मैत्रीचीच काळजी जास्त. "आई, चारचा मित्र फक्त एकच का? बाकीच्यांनी कट्टी केली का?" मी सांगितलं, तो अभ्यास फार करतो म्हणून. ती घाबरून दोन दिवस पाटीजवळ गेली नाही. मग मला चारचं वागणं सुधारल्याचं सांगावं लागलं.

पण हळूहळू तिला गोडी लागली. पाटी बाजूला ठेवून ती डोळे मिटायची, अंगठा आणि पहिलं बोट हवेत नाचवायची, तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटायची आणि त्या तालात मागे-पुढे झुलायची. झुलायचं सरांनी शिकवलं नव्हतं, ती भर तिची स्वतःची. मी मात्र रोज रात्री तिच्या केसांतून हात फिरवत मनात तेच घोकायचे, देवा, हिला जमू दे, हिला माझ्यापासून नेऊ नको.

दिवाळी झाली. नांदेडहून आम्ही आणि लातूरहून नणंद, असे माहूरला जमलो. देवीचं दर्शन झालं. कुटलेल्या विड्याचा प्रसाद सगळ्यांच्या तोंडात, ओठ लालभडक. सासूबाईंनी नातीच्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरला. सकाळी न्हाऊ घातलेलं, रिबीन खोलीवरच राहिलेली, म्हणून केस मोकळे. आम्ही पायऱ्यांच्या कडेला दम खायला बसलो. एवढ्यात नणंदेनं पदर खोचला. ही बाई देवळाच्या दारातही परीक्षा घेणार हे मी ओळखायला हवं होतं.

"हं, मीट डोळे. सत्तावीस. त्यात पंधरा. त्यातून आठ काढ. त्यात तेरा."

मुलीनं डोळे मिटले. हात वर गेले. बोटं नाचायला लागली, ओठ पुटपुटायला लागले, अंग मागे-पुढे झुलायला लागलं. आणि मला एकदम दिसलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय दिसत असेल ते. मोकळे केस, मळवट, लाल ओठ, मिटलेले डोळे, आणि तेही माहूरच्या पायऱ्यांवर.

"आये गं!" नायगावकडची एक बाई हातातलं ताट सांभाळत तिथंच बसली. "लेकराच्या अंगात आली!"

बघता बघता गर्दी झाली. कुणी हळद वाहिली, कुणी नारळ ठेवला. मी ओरडले, "अहो, ते अबॅकस आहे!" एका आजोबांनी लगेच हात जोडून विचारलं, "हे देवीचं ठाणं कोण्या गावचं म्हणायचं?" मदतीला सासूबाईंकडे बघावं, तर त्या डोक्यावर पदर घेऊन स्वतःच्याच नातीपुढे वाकलेल्या. "काई चुकलं असंल तर पोटात घाल, आये." रोज सकाळी याच पोरीला दूध सांडलं म्हणून रागावणाऱ्या या बाई. नवरा नारळ गोळा करत होता.

नायगावची बाई पुढे सरकली. "आये, माझ्या थोरलीचं लगीन कधी जमंल?"

मुलगी अजून तेरा मिळवत होती. ते मिळाले आणि तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "सत्तेचाळीस!"

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "सत्तेचाळिसाव्या वर्षी?" तिच्यासोबतची म्हणाली, "न्हाई गं येडे, सत्तेचाळीस पाव्हणे येतेल म्हणायली." तिला जरा धीर आला. उत्तर बरोबर होतं. मी मनात उडी मारली, पण त्या गर्दीत माझ्या आनंदाकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. नणंदेलाही नव्हती. तिनं तर घाईघाईनं हात जोडलेले.

मुलीनं डोळे उघडले होते आणि समोरच्या नारळांकडे बघत होती. तेवढ्यात दुसरी एक बाई पुढे आली, तिच्यामागे अंग चोरून उभी असलेली दहावीतली पोरगी. "आये, एवढंच सांग. हिला लातूरला ठिवायचं म्हणून राहिलेत घरचे. ठिवू का नको?"

माझी मुलगी त्या मुलीकडे बघत राहिली. मग तिनं अगदी साध्या, रोजच्या आवाजात विचारलं, "तिला इचारलं का?"

ती बाई वळली आणि आपल्या मुलीकडे बघायला लागली. मला मात्र पायऱ्यांत गडप व्हावंसं वाटलं. फोनवर मी भांडले, क्लास मी शोधला, पैज मी लावली. जिच्यासाठी एवढं रामायण केलं तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. नणंदेनंही नाही, नवऱ्यानंही नाही.

गर्दी पांगली तशी नणंद मुलीजवळ येऊन बसली. मघाचा तोरा गेला होता. पोरीच्या कपाळावरचं घामानं ओघळलेलं कुंकू पदरानं टिपत तिनं विचारलं, "मग, तू येतीस का गं लातूरला?"

मुलीनं थोडा विचार केला. "तिथं कोण कोण असतंय?"

"मी असते की."

"आन् दादा?"

"दादा पुण्याला."

"मामा?" आत्याच्या नवऱ्याला ती मामा म्हणते.

"मामा दुकानात. रात्री येतेत."

"म्हणजे दिवसभर तू एकटीच?"

"हाव," नणंद म्हणाली आणि पदराला लागलेलं कुंकू चोळायला लागली.

"मग तूच ये की आमच्याकडं," मुलगी म्हणाली. "आमच्यात आजी हाय, आई हाय. मी तुला अबॅकस शिकविते."

नणंदेनं तोंड दरीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. इतके महिने मी या बाईला माझी पोर पळवणारी समजत होते, आणि ट्रॉफ्यांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये ती दिवसभर कुणाशी बोलत असेल हा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

तिनं डोळे पुसले. मुलीकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि नवीन नवरीनं विचारावं तसं हळूच विचारलं, "वैनी, खरंच येऊ का?"

"या की, ताई," मी म्हणाले, आणि तिची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.