तापल्याबिगर गिअर न्हाई

आज सकाळी इथे शहरात, विश्रामबागेत, शेजाऱ्यांनी टेम्पो सुरू केला आणि डिझेलचा धूर खिडकीतून आत आला. मला एकदम आमचं जतच्या घराचं अंगण आठवलं.

दादांचा, माझ्या वडिलांचा, छोटा डिझेल टेम्पो होता. रोज तो चालू करून ते त्याच्या बाजूला चहा पीत उभे राहायचे आणि मला सांगायचे, "इंजान तापल्याबिगर गिअर टाकायचा न्हाई, पोरी."

पुढे अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, टेम्पो विकावा लागला. नेणाऱ्याने चावी फिरवली आणि लगेच गाडी दामटली. खाटेवरून दादा धड असलेला हात जोरजोरात हलवत राहिले.

"गाडीला निरोप द्याय लागल्यात बगा," आई डोळे पुसत म्हणाली. त्या माणसाने हात हलवला. मीही हलवला.

आज शेजाऱ्यांनी थंड इंजिनावरच गिअर टाकला, तसा माझा हात आपसूक वर गेला, 'थांबा' म्हणायला.

शेजाऱ्यांनी हसून हात हलवला आणि ते निघून गेले.