हेडबाईंच्या सहा तयार खोल्या

लालबाग ते परळ या टापूत मूल जन्माला आलं की त्याची खबर आधी आमच्या मजल्यावरच्या हेडबाईंना लागते आणि मग बाळाच्या आत्याला, असं माझं ठाम मत आहे. बातम्या मिळवणं हा माझा व्यवसाय. बरीच वर्षं मी वर्तमानपत्रासाठी महापालिकेच्या बातम्या देतो. पण जिन्यात भेटलेल्या पोटुश्या मुलीची तारीख विचारून, "म्हणजे सहा वर्षांनी जूनमध्ये पहिलीला," असा हिशेब जागच्या जागी मांडणारा दुसरा बातमीदार मी पाहिलेला नाही. बाई परळच्या एका पालिकेच्या मराठी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेचा पट दर वर्षी उतरत होता. चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले, माणसं विरार-बदलापूरला गेली. जी राहिली त्यांतल्या बहुतेकांनी मुलं इंग्रजी शाळेत घातली. पट असाच उतरत राहिला तर शाळा बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिळवणार, हे बाईंना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसत: सहा वर्षांच्या आतली, आणि सहा वर्षांच्या आतल्यांना ओळखणारी.

बारशाला त्या बोलावण्याची वाट बघत नसत. पाळण्याभोवती बायकांचं "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" चाललेलं असताना बाई बाळाच्या आईच्या कानाशी लागून सांगत, "पहिली ते चौथी माझ्याकडे. पुढचं पुढे." लग्नात नवरीच्या डोक्यावर हात ठेवून, "सुखी राहा. सात वर्षांनी भेटू," असा आशीर्वाद देत. गिरगावातून आलेली एक नवी सून त्यानं इतकी घाबरली की दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला विचारायला आली, "वहिनी, त्या पत्रिका बघतात का हो?" मे महिन्यात अर्धी वस्ती गावाला गेलेली असे. उरलेल्या अर्ध्या वस्तीची दारं बाई छत्रीच्या दांड्यानं ठोठावत. एकदा मी बरोबर होतो. दार उघडलं ते त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं. त्याच्या मागून डोकावणारा मुलगा बघून बाईंचा चेहरा फुलला.

"बाई, याला इंग्लिशलाच टाकायचाय ओ," त्यानं आधीच सांगून टाकलं. "आमचं झालं ते झालं."

"काय झालं तुझं? बँकेत लागलास ना?"

"लागलो ओ."

"मग माझं मराठी बँकेत कुठं अडलं?"

"माझं काय नाय, बाई. हिच्या घरचे ऐकत नाहीत."

बाईंचा पारा चढला की त्या मालवणीवर येत. "तिच्या घरच्यांका धाडून दी माझ्याकडे. मी बघतंय." घरचे आले की नाही मला माहीत नाही. मुलगा मात्र जूनमध्ये पहिलीत बसला.

एवढं करूनही शेवटच्या वर्षी शाळेत अठरा मुलं होती आणि खोल्या आठ. दोन खोल्यांत चारही इयत्ता भरत आणि सहा मोकळ्या असत. पण मोकळी खोली म्हणजे बंद खोली, हे बाईंना मान्य नव्हतं. रोज घंटेआधी त्या खडू घेऊन आठही खोल्यांतून फिरत आणि प्रत्येक फळ्यावर वार आणि तारीख घालत. बाकं ओळीत, खिडक्या उघड्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ भरलेला. शिपायानं एकदा धीर करून विचारलं, "बाई, पोरं नाय तिथं तारीख वाचणार कोण?" बाई म्हणाल्या, "आणि वर्षाच्या मध्येच एखादं मूल आलं तर? त्यानं काय कालच्या तारखेत बसायचं?" शिपायानं माठ भरला.

मग पालिकेनं शाळांच्या इमारतींची पाहणी काढली. कुठे किती जागा आहे आणि किती वापरात आहे, ते मोजायचं होतं. आमच्या बाईंच्या शाळेत एक तरुण इंजिनिअर आला, तेव्हा बातमीच्या निमित्तानं मीही तिथे होतो. बाईंना वाटलं, चांगली शाळा कोणती ते बघायला साहेब आलेत. त्यांनी त्याला चहा दिला आणि एकेका मोकळ्या खोलीचं दार आपल्या हातानं उघडून दाखवलं.

"इथे कुठला वर्ग बसतो, मॅडम?"

"अजून नाही बसत. पण खोली तयार आहे बघा. फळ्यावर आजची तारीखसुद्धा आहे."

त्यानं कागदावर खूण केली. बाईंनी वाकून पाहिलं. "रिकामी काय लिहिता? तयार लिहा."

"मॅडम, रकाने दोनच आहेत. वापरात आणि रिकामी."

तो वाईट माणूस नव्हता. सहाव्या खोलीशी त्याची पेन्सिल जरा घुटमळली. पण खोलीत कुणी नव्हतं, आणि नाही हे बाईच अभिमानानं सांगत होत्या. मी नंतर रस्त्यापलीकडच्या शाळेतही जाऊन आलो. तिथेही खोल्या पडून होत्या, पण त्यांत मोडकी बाकं, जुने पंखे आणि कुठल्याशा स्नेहसंमेलनाचा पडदा कोंबलेला होता. त्या सगळ्या भांडार म्हणून 'वापरात' या रकान्यात गेल्या. शिपाई हे कळल्यावर कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, आपल्याकडे भंगार काय कमी होतं? चार बाकं टाकली असती तर!" बाई एवढंच म्हणाल्या, "मुलांच्या वर्गात भंगार टाकू?"

बाईंची शाळा पलीकडच्या शाळेत मिळवण्याचा निर्णय झाला. मी बातमी केली. आतल्या पानावर, खालच्या बाजूला, पण आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात उभ्या. हातात पेपर, बोट चौथ्या ओळीवर. मी अहवालातलाच शब्द उचलला होता: सहा खोल्या रिकाम्या. "तू तर बघितल्या होत्यास रे," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आजवर माझ्या बातमीत चूक निघाली तर मी खुलासा छापलेला आहे. या शब्दाचा खुलासा कसा छापायचा ते मला सुचलं नाही.

जूनमध्ये अठराच्या अठरा मुलं पलीकडच्या शाळेत पोचली, कारण पहिले पंधरा दिवस बाई त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून नेत होत्या. निवृत्तीला वर्ष उरलेलं. मुख्याध्यापिकेचं पद शाळेबरोबर गेलं आणि बाई तिथे तिसरीच्या वर्गशिक्षिका झाल्या. हजेरीपटावर नव्यानं आलेली मुलं तळाशी, लाल रेघ मारून लिहायची पद्धत आहे. वर्गातल्या पोरांनी ती लगेच हेरली आणि बाईंच्या मुलांना 'रेघेखालची' म्हणू लागली. जुन्या शाळेतून तिसरीत आलेल्या पाचांपैकी एक मुलगी हजेरीला 'हजर' म्हणेनाशी झाली.

महिना संपला की हजेरीपटाचं नवं पान हातानं लिहावं लागतं. जुलैच्या पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेलो, तेव्हा बाई ते लिहीत बसल्या होत्या. सगळी नावं त्यांनी अकारविल्हे लावली होती, एकाच शाईत, त्यांच्या त्या गोल, ठसठशीत अक्षरात. रेघ कुठेच नव्हती. मी वरून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यातली आपली कुठली, बाई?"

त्यांचं बोट नावांवरून सरकत खाली आलं. एका नावाशी क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं.

"तिसरीची आहेत सगळी," त्या म्हणाल्या, आणि शाई वाळेपर्यंत पान तसंच उघडं ठेवून बसून राहिल्या.